उलंगवाडीनंतरचे फोटो

वऱ्हाडातले फोटोग्राफर श्रावणात चिखलदऱ्याकडे धावतात. माझा हंगाम उलंगवाडीनंतरचा. कापसाची शेवटची वेचणी आटोपते, शेतात गुरं सुटतात आणि मूर्तिजापूर-दर्यापूरकडे जिथे पाहावं तिथे नुसती पऱ्हाटी उभी असते. बांधावर ट्रायपॉड रोवला की कुणीतरी विचारतंच, "फुलं होते तवा काहून नाई आले जी?"

फुलाला रंग असतो, आणि रंग दिसला की नजर तिथेच थांबते. वाळल्यावर रंग जातो, बांधणी उरते. कापूस वेचून झालेलं बोंड जवळून पाहा. देशी कपाशीचं असेल तर तीन-चार कप्पे, संकरित वाणाचं असेल तर चार-पाच. प्रत्येक फाक सुकताना बाहेर वळलेली, आणि टोकाला वेचणाऱ्या बाईच्या बोटांना ओरबाडणारी अणी. ही अणी नीट दिसायला प्रकाश आडवा हवा. सकाळी आठपर्यंतचं ऊन किंवा खिडकीला लावलेला बटर पेपर, आणि समोरून अंधार थोडा फोडायला थर्माकोलचा पांढरा तुकडा. फ्लॅश समोरून मारला की बोंड सपाट होऊन जातं.

वस्तू सेन्सरवर मूळ आकाराएवढी उतरवायची तर फुल फ्रेम कॅमेऱ्यात एफ ८ वरही जेमतेम मिलिमीटरभर भाग स्पष्ट येतो. अणी साधली तर देठ पुसट. म्हणून कॅमेरा रेलवर बसवून केसभर पुढे सरकवत अनेक फ्रेम घ्यायच्या आणि मग संगणकावर त्या एकात एक जोडायच्या. यात वस्तू हलता कामा नये. वाळलेली काडी कशाला हलेल, असं वाटतं. पण हलते.

अमरावतीच्या माळांवरचं कुसळी गवत घ्या. बियाण्याच्या टोकाला लांब, पीळ पडलेलं कुसळ असतं. हवेतला दमटपणा वाढला की पीळ सुटतो, हवा कोरडी झाली की पुन्हा पडतो. दिवस-रात्रीच्या या पिळण्यातून बी जमिनीत शिरतं, आणि त्यावरचे उलटे केस त्याला मागे येऊ देत नाहीत. मेंढीच्या कातडीतही ते असंच घुसतं. अकोल्याच्या मे महिन्यात कूलरशिवाय बसवत नाही, पण कुसळाचे फोटो घेताना कूलर बंदच ठेवावा लागतो. त्याच्या ओल्या वाऱ्यानं कुसळ फ्रेमगणिक फिरत राहतं. श्वाससुद्धा बाजूला वळवून सोडावा लागतो. झाड केव्हाच वाळलेलं, पण बियाणं कामावर हजर! आपण ज्याला काडीकचरा म्हणतो, त्यातलं बरंचसं वाळल्यावरच कामाला लागतं. रुईच्या झुडपाची शेंग वाळून फुटते तेव्हाच म्हाताऱ्या उडतात.

या कामातला दादा माणूस म्हणजे जर्मनीचा कार्ल ब्लॉसफेल्ट (१८६५-१९३२). बर्लिनमध्ये कला शिकवणाऱ्या या मास्तरानं विद्यार्थ्यांसाठी स्वतः बनवलेल्या कॅमेऱ्यानं देठ, कोंब, शेंगा तीस पटींपर्यंत मोठ्या करून टिपल्या. १९२८ मध्ये त्याचं पुस्तक निघालं आणि तो प्रसिद्ध झाला. साधी पार्श्वभूमी आणि आकारावर रोखलेली नजर मी त्याच्याकडूनच उचलली. पण तो नमुना छाटून नेटका करायचा. तिथे माझं त्याच्याशी जमत नाही. बोंडाच्या खाचेत अडकलेली काळी माती मी ब्रशनं झटकत नाही, अडकून राहिलेली रुईची तारही ओढून काढत नाही.

कारण वाळलेल्या बोंडात त्या साली काय घडलं ते राहिलेलं असतं. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं विदर्भातली कपाशी पोखरली. तशा बोंडाच्या फाकीवर बारीक गोल भोक दिसतं. बोंड धड उमलत नाही, आतली रुई डागाळून कवडी होते. हंगाम संपल्यावर पऱ्हाटी उभी ठेवू नका, असं कृषी विद्यापीठ सांगतं तेही याचसाठी. उरल्यासुरल्या बोंडांत अळी दडून राहते. म्हणजे मी ज्याचे फोटो काढतो ते शेतकऱ्यानं खरं तर आधीच उपटायला हवं असतं. तेव्हा मी त्याच्या आधी पोचतो, लागेल तेवढं मागून घेतो आणि फोटोमागे गाव, वाण, महिना लिहून ठेवतो.

दिवाणखान्यात लावायला सुंदर दिसेल असा फोटो पुष्कळदा निघतो. पण मी ठेवतो तो एकाच कसोटीवर: गावातल्या जाणत्या माणसाला तो पाहून सांगता आलं पाहिजे, की हे बोंड उन्हानं उघडलं की अळीनं अडवलं.