खुंट आणि डोळा

संत्र्याच्या बागेत वाढलेल्या माणसास कलमाचे नवल वाटत नाही. नरखेड तालुक्यातील आमच्या गावी जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधताना मी लहानपणापासून पाहत आलो आहे. खुंट आंबट, पण काटक; डोळा गोड, पण परक्या मुळांचा आधार मागणारा. दोहोंचा सांधा जुळला म्हणजे जे झाड उभे राहते, त्यावर आमच्याकडील कित्येक घरांचा चरितार्थ चालतो. ह्या नित्याच्या गोष्टीचा अर्थ मात्र मला परवा एका घरगुती वादात प्रथमच उमगला.

वाद पुतणीच्या शिक्षणाचा होता. बारावीस आणि प्रवेशपरीक्षेस तिला चांगले गुण मिळाले होते. तिने संगणकाची शाखा घ्यावी, ही थोरल्या बंधूंची इच्छा. आणि ती तर जैववैद्यकीय अभियांत्रिकीचा हट्ट धरून बसलेली!

“अरे, हे डॉक्टरही नाही अन् इंजिनिअरही नाही,” दादा मला म्हणाले. “चार वर्षे शिकून पोरगी करणार काय?”

प्रश्न रास्त होता, आणि खरे सांगावयाचे तर उत्तर मलाही ठाऊक नव्हते. मी पुतणीकडे पाहिले. ती शांतपणे म्हणाली, “काका, गेल्या साली त्या रात्री आपल्यापाशी डॉक्टर होते, यंत्रही होते. मग काय नव्हते?”

ती रात्र आमच्यापैकी कोणीही विसरलेले नाही. दादांची नात अपुऱ्या दिवसांची जन्मली. जवळच्या रुग्णालयात अर्भकास ऊब देणारे यंत्र होते. परंतु त्यावर चादर पांघरलेली होती. बाळाच्या त्वचेस लावून तापमान कळविणारी लहानशी तार निकामी झाली होती, आणि ती बदलणारा मनुष्य तेथे नव्हता. डॉक्टर हळहळले. मुलीला आईच्या छातीशी गुंडाळून आम्ही काटोलमार्गे नागपूर गाठले. पोर वाचली, पण त्या वाटेवरील प्रत्येक मैल मला आजही मोजून सांगता येईल. बागेतील मोटार जळाली, तर ती भरून देणारा कारागीर आम्हास तालुक्यात मिळतो. जीव वाचविणाऱ्या यंत्रास मात्र वाली नव्हता.

त्यानंतर मी ह्या विद्येची थोडी माहिती मिळविली. तिच्यात शरीररचना व शरीरक्रिया ह्यांच्या जोडीस विद्युत्परिपथ, पदार्थविज्ञान आणि गणित शिकावे लागते. जयपूर पायाची कथा सर्वश्रुत आहे. डॉक्टर प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा ह्या दोघांची ती करणी. एकट्याच्या हातून ती झाली नसती. मुंबईच्या आय. आय. टी.त २०१४ साली ‘बेटिक’ हे केंद्र निघाले, तेही डॉक्टर व अभियंते ह्यांना एकत्र बसवून उपकरणे घडविण्यासाठीच; नागपूरची व्ही. एन. आय. टी.ही त्या कार्यात सामील झाली.

आणखी एक गोष्ट मला अंतर्मुख करून गेली. रक्तातील प्राणवायू मोजणारा बोटावरचा चिमटा करोनाच्या दिवसांत घरोघर पोहोचला. त्याचे तत्त्व जपानी अभियंता ताकुओ आओयागी ह्याने शोधिले. परंतु २०२० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसून आले की, गोऱ्या रुग्णांपेक्षा काळ्या रुग्णांत हा चिमटा प्राणवायूची उणीव अधिक वेळा लपवितो. यंत्र कोणाच्या बोटावर पारखले, हे विचारावयास उन्हात रापलेल्या हातांच्या घरचे कोणी नको काय?

तथापि दादांपासून मी काहीच लपविले नाही. मोठ्या रुग्णालयांत यंत्रांची निवड व निगा, कारखान्यांत आराखडे व चाचण्या, तसेच वैद्यकीय उपकरणांचे नियम २०१८ च्या १ जानेवारीपासून अमलात आल्यानंतर दर्जा व परवाने ह्यांची कामे, अशा वाटा आहेत. पण त्या बहुतेक मोठ्या शहरांकडे जातात. कित्येकांना आरंभी यंत्रे विकतच हिंडावे लागते, आणि संगणकवाल्यांएवढे वेतन मिळेलच असे नाही. शिवाय दोन्ही विषयांत कच्चा राहिलेला पदवीधर कोणालाच नको असतो.

दादा बराच वेळ गप्प होते. “सांध्याखालचे फुटवे वेळीच काढले नाहीत, तर संत्रे मरते अन् जंबेरीच माजते,” ते अखेर स्वतःशीच पुटपुटले. मग मुलीकडे वळून म्हणाले, “शीक. पण दोन्हीकडचे नीट शीक. अन् एक ध्यानात ठेव, सांधा मातीत गाडायचा नसतो. गाडला की कुजतो.”

ती हसली. मला मात्र वाटले, विद्यापीठात तिला जे शिकावयाचे आहे, त्याचा पहिला पाठ तिने बागेतच घेतला.