भाषा सोडल्याचा गुन्हा

परतवाडा,
रविवार

चि. बापू,

तुमच्या वाचक मंडळात कादंबरीकार किरण नगरकरांवर एक बैठक घ्यायचं ठरत होतं आणि तूच आडवा आलास, असं सुनंदानं फोनवर सांगितलं. मग तुझा तो लांबलचक मेसेजही आला. सगळ्याचं सार एवढंच, की मराठीत नाव कमावलं आणि मग माणूस इंग्रजीत पळाला.

काऊन रे बापू, मराठीत त्यांनी कमावलं तरी काय होतं? 1974 साली मौज प्रकाशनानं ‘सात सक्कं त्रेचाळीस’ ही कादंबरी काढली. पाढ्यात बेचाळीस येतात, इथं नावापासूनच हिशेब चुकवलेला. कुशंक पुरंदरेची ती गोष्ट सरळ चालतच नाही. काळ मागेपुढे उड्या मारतो, कोण कोणाशी बोलतंय ते वाचणाऱ्यानंच ओळखायचं. जाणकारांनी मान डोलावली आणि पहिली आवृत्ती वर्षानुवर्षं पडून राहिली. तिचा शुभा स्ली यांनी केलेला इंग्रजी अनुवाद मात्र 1980 मध्ये ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड विद्यापीठाच्या प्रकाशनानं छापला. त्याआधी, 1978 साली, महाभारत हाताशी धरून नगरकरांनी ‘बेडटाइम स्टोरी’ नाटक लिहिलं. आणीबाणीचा राग होता त्यात. सेन्सॉरनं 78 ठिकाणी कात्री लावायला सांगितली, वरून हिंदुत्ववाद्यांच्या धमक्या. नाटक रंगमंचावर यायला 1995 उजाडलं. त्याच सुमारास ‘रावण अँड एडी’ आली, इंग्रजीत. पहिल्या कादंबरीनंतर वीस-एकवीस वर्षांनी! याला पळणं म्हणतात होय?

शिवाय माणूस आला कुठून ते बघ. आजोबा बी. बी. नगरकर 1893 साली शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत ब्राह्मो समाजाकडून गेलेले, म्हणजे विवेकानंद गाजले त्याच परिषदेत. नातवाचं मराठीतलं शिक्षण प्राथमिक शाळेपुरतंच, पुढं सगळं इंग्रजीत. पोटापाण्यासाठी जाहिरातींचा मजकूर लिहायचा. अशा माणसानं पहिली कादंबरी मराठीत लिहिली, याचं नवल आपल्याला वाटायला हवं होतं. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे दोन्ही भाषांत लिहीत राहिले, त्यांच्यावर एवढा दात कोणी धरला नाही. ते कवी पडले. कवींना आपण जरा सूट देतो बहुतेक.

आणि हे तू, वऱ्हाडातला माणूस, म्हणतोस? काल मी गुजरीत गेले होते. मेळघाटातून उतरलेली एक कोरकू बाई पुढ्यात सीताफळं मांडून बसलेली. शेजारचा अचलपूरचा बागवान तिला हिंदीत भाव सांगत होता, ती त्याला अर्ध्या हिंदीत, अर्ध्या वऱ्हाडीत उडवून लावत होती, आणि मागं बसलेल्या पोरीशी कोरकूत बोलत होती. तिला कोणी विचारलं नाही, की बाई, तू नेमकी कोणत्या भाषेची. उद्धव शेळक्यांची ‘धग’ 1960 मध्ये आली, तेव्हा तिच्यातली वऱ्हाडी बोली पुण्या-मुंबईच्या लोकांना अडखळत वाचावी लागली असेल. आपल्याला ती घरची वाटली. कोणती मराठी खरी, हे ठरवणाऱ्यांच्या पंगतीत आपलं पान कधी मांडलेलं नव्हतं. मग वाढपी होऊन तिथं मिरवायची हौस कशाला?

‘रावण अँड एडी’ तू उघडलीच नसशील. माझगावची चाळ, एका मजल्यावर हिंदू, वरच्यावर गोव्याकडचे ख्रिस्ती. पहिल्याच पानांत एक तान्हं पोर वरून खाली झेपावतं, खाली असलेला व्हिक्टर कुटिन्हो त्याला झेलतो आणि तिथंच मरतो. आई त्या पोराचं नाव रामाचं रावण करते, दृष्ट लागू नये म्हणून. नळाच्या पाण्यासाठी चाललेली भांडणं तर अशी रंगवलीत, की आपल्या जुन्या वाड्यातला हंड्यांचा खणखणाट ऐकू यावा. एवढी मराठी गोष्ट इंग्रजीत लिहिलेली मी दुसरी वाचली नाही. पुढं ‘ककोल्ड’मध्ये त्यांनी मीरेच्या नवऱ्याला बोलतं केलं. देवाच्या वेडात बुडालेल्या बायकोचा नवरा असणं म्हणजे काय, हे आपल्या कीर्तनकारांना सुचलं नव्हतं. त्या कादंबरीला 2000 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. 2012 मध्ये जर्मनीनं सरकारी सन्मान दिला. आपल्याकडं तोवर भाषेचाच खटला चालू!

आता जे तुझ्या मेसेजात नाही ते लिहिते. 2018 च्या ऑक्टोबरात, मी-टूच्या दिवसांत, काही महिला पत्रकारांनी सांगितलं की मुलाखत घ्यायला गेलो तेव्हा नगरकरांनी आमच्याशी गैरवर्तन केलं. त्यांनी आरोप नाकारले. 2019 च्या 5 सप्टेंबरला ते गेले आणि विषय तिथंच थांबला. मी निवाडा द्यायला बसलेली नाही, तो माझा अधिकारही नाही. पण इतकी वर्षं मुलींच्या शाळेत काढली बापू, काम करायला गेलेली पोर घरी येऊन असं काही सांगते तेव्हा तिला किती बळ एकवटावं लागतं, ते मला ठाऊक आहे. कोणत्या भाषेत लिहिलं याचा राग तुम्ही मंडळी वर्षानुवर्षं जपता, आणि या मुलींचं म्हणणं तुमच्या यादीत ओळभरही नाही. नगरकरांवर बोलायचंच नसेल तर कारण तरी धडाचं शोधा. मी मात्र म्हणेन, बैठक घ्या आणि दोन्ही बोला. पुस्तकं थोर आहेत हेही, आणि त्या मुली काय म्हणाल्या तेही. जमलेल्यांपैकी कोणाला अवघडलं तर अवघडू दे.

रेखा सबनीसांनी ‘ककोल्ड’ मराठीत ‘प्रतिस्पर्धी’ म्हणून आणली आहे, सुनंदाला ती आवडेल. सुरुवात मात्र ‘सात सक्कं’पासूनच करा. माझी प्रत मागू नकोस, देणार नाही. अकोल्यात दुकानं आहेत, मंडळातल्या प्रत्येकानं एकेक विकत घ्यावी.

संत्र्यांची पेटी आंबिया बहार उतरला की पाठवते.

तुझी,
ताई