पत्ता आणि वाट

नेटवर्क, राउटर, सर्व्हर, प्रोटोकॉल हे शब्द आज सतत कानांवर पडतात. नवशिक्याला ते अवघड वाटतात. माझी भाची उमरग्याला नववीत शिकते. तिने विचारले, "मामू, या शब्दांचा अर्थ काय?" मी तिला रोजच्या व्यवहारातली उदाहरणे दिली.

नेटवर्क म्हणजे जाळे. दोन किंवा अधिक संगणक एकमेकांना जोडले, की जाळे तयार होते. शाळेच्या एका खोलीतील संगणकांचे जाळे म्हणजे 'लॅन'. धाराशिव, सोलापूर, मुंबई असे दूरदूरचे संगणक जोडणारे जाळे म्हणजे 'वॅन'. जगभरातील अशी जाळी एकमेकांना जोडून इंटरनेट झाले. भारतात सामान्य लोकांसाठी ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले.

पत्राला पत्ता लागतो. जाळ्यातील संगणकालाही पत्ता लागतो. तो 'आयपी पत्ता'. त्याच्या जुन्या पद्धतीत चार आकडे असतात. प्रत्येक आकडा ० ते २५५ यांपैकी असतो. मागितलेली माहिती पुरवणारा संगणक म्हणजे 'सर्व्हर'. आपण सलाम करतो, समोरचा जवाब देतो, मग बोलणे सुरू होते. संगणकांच्या बोलण्याचेही असे नियम ठरलेले आहेत. त्यांना 'प्रोटोकॉल' म्हणतात.

मोठा निरोप एकदम जात नाही. त्याचे लहान तुकडे होतात. ती 'पॅकेटे'. प्रत्येकावर पत्ता आणि क्रमांक असतो. पोहोचल्यावर ती क्रमाने जोडली जातात. वाटेतल्या चौकांत 'राउटर' असतात. ते पत्ता वाचून पुढची वाट दाखवतात. धाराशिवहून उमरग्याला नळदुर्गमार्गे जाता येते, लोहाऱ्यामार्गेही जाता येते. एक वाट बंद पडली, तर राउटर असाच दुसरी वाट धरतो.

"एवढी खटपट कशासाठी?" भाचीने विचारले.

मग मी तिला ३० सप्टेंबर १९९३ ची गोष्ट सांगितली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांत हजारो माणसे दगावली. आमचे गाव लोहाऱ्याजवळ. मी तेव्हा चौथीत होतो. घर पडले, पण आम्ही वाचलो. गावात टेलिफोन नव्हता. सोलापुरात माझ्या नानीने रेडिओवर बातमी ऐकली. आमची खबर मात्र तिला मिळेना. ती अन्नाला शिवली नाही. शेवटी माझे मोठे मामू मिळेल त्या वाहनाने गावात आले, आम्हांला पाहून परत गेले. "तुझी मुलगी जिवंत आहे" या चार शब्दांना नानीपर्यंत पोहोचायला तीन दिवस लागले.

आज असा निरोप क्षणात जातो. आमच्या गावातही आता इंटरनेटची तार आली आहे. पण ती एकच आहे. गावातला मोबाइलचा मनोराही तिलाच जोडलेला आहे. रस्ता खोदताना ती तुटली, की सारे निरोप थांबतात. वाटच एक असेल, तर बिचारा राउटर दुसरी कोठून दाखवणार?

ती दुसरी वाट कोणीतरी बांधायला हवी. मुलांनो, हे काम शिकायचे असेल, तर सुरुवात याच शब्दांपासून होते.