मणिबेलीला जायचं तर

दिवाळीच्या सुटीत हिमाचलची तिकिटं मिळाली नाहीत, आता कुठे जावं, असं कुणी विचारलं की मी मणिबेली सुचवतो. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्याचं हे नर्मदाकाठचं गाव, राज्यातलं पहिल्या क्रमांकाचं मतदान केंद्र. सातपुड्याच्या रांगा थेट पाण्यात उतरलेल्या आणि समोरच्या काठावर विंध्याचे डोंगर.

ऑक्टोबर ते जानेवारी हा काळ उत्तम. सरदार सरोवर धरणाचा जलाशय भरलेला असतो, डोंगर हिरवे असतात. उन्हाळ्यात पाणी खाली जातं आणि नावेपर्यंत पोचायला चिखल तुडवावा लागतो.

रेल्वेने नंदुरबार गाठावं. पुढे तळोदा, अक्कलकुवा, मग देवगोई घाट चढून मोलगी. मोलगीपुढचा रस्ता कसा आहे हे निघण्यापूर्वी गावातल्या कुणाला तरी विचारून घ्यावं. नावही आधीच ठरवावी, भाडं बोलून घ्यावं आणि लाइफ जॅकेट असल्याशिवाय पाय ठेवू नये. दुपारनंतर वारा सुटला की लाटा उसळतात, म्हणून सकाळीच निघावं.

इथे हॉटेल नाही. कुणाच्या तरी घरी किंवा जीवनशाळा या आदिवासी मुलांच्या शाळेतल्या शिक्षकांना विचारून सोय होते. सोबत सुटे पैसे, टॉर्च, मच्छरदाणी आणि नेहमीची औषधं हवीत. मोबाइलच्या रेंजवर भिस्त ठेवू नये.

पण सगळ्यात महत्त्वाची तयारी म्हणजे गावाची हकीकत माहीत असणं. सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्रातलं पहिलं बुडालं ते मणिबेली. शूलपाणेश्वराचं जुनं देऊळही त्याच पाण्याखाली आहे. इथल्या आदिवासींनी घर सोडायला नकार देऊन सत्याग्रह केला. १९९३ साली जागतिक बँक या प्रकल्पातून बाहेर पडली आणि १९९४ साली जगभरच्या संघटनांनी मोठ्या धरणांना बँकेने पैसा देऊ नये म्हणून जो जाहीरनामा काढला, त्याला नाव दिलं मणिबेलीचं.

नाव पाण्याच्या मधोमध आली तेव्हा आमच्या नावाड्याने इंजिन हळू केलं आणि हात दाखवून म्हणाला, "दादा, आपलं शेत इथं होतं." मी कॅमेरा काढलेला होता, तो पिशवीत ठेवला. मग तो बोलत राहिला: कुठे महू होता, कुठे गुरं पाण्यावर यायची, वर डोंगरावर नवं घर बांधायला किती पावसाळे गेले. रात्री त्याच्या घरी मक्याची भाकरी, उडदाची डाळ आणि मासे जेवलो. कुडाच्या भिंतीतून वारा येत होता आणि गप्पा संपत नव्हत्या.

म्हणून माझं सांगणं एवढंच, की सकाळी येऊन संध्याकाळी परतायचा बेत करू नका. एक रात्र तरी राहा. विचारल्याशिवाय कुणाचे फोटो काढू नका, मुलांना चॉकलेटं वाटू नका, जेवणाचे आणि नावेचे पैसे घासाघीस न करता द्या. या पाण्यासाठी मणिबेलीच्या लोकांनी शेत-घर दिलं आहे, तेव्हा आपल्या सहलीचा पैसा आधी त्यांच्याच हाती पडला पाहिजे.