वारुळावरची अळंबी, पेंढ्यावरची अळंबी

मैत्रिणींनो, आषाढाचा पाऊस एकदा मनासारखा लागला, की आमच्या शहापूर-मुरबाडच्या बाजाराचं रूपच पालटतं. शेवळं तर मृगाच्या सरींबरोबरच येऊन गेलेली असतात. मग टाकळा, कुर्डू, भारंगी, करटुली अशी एकेक रानभाजी पाटीत दिसू लागते. पण जिची खरी वाट पाहिली जाते ती अळंबी. ठाकर आणि कातकरी बाया ती भल्या पहाटे रानातून काढतात आणि सागाच्या नाही तर पळसाच्या पानात बांधून रस्त्याच्या कडेला घेऊन बसतात. दुपारपर्यंत पाटी रिकामी!

मुंबईहून माळशेजला किंवा नाशिककडे जाताना तुम्हीही ती घेतली असेल. आणि घेताना हटकून विचारलंही असेल, ‘‘एवढ्याशा वाट्याला एवढे पैसे?’’ मला आज त्या प्रश्नाचंच उत्तर द्यायचं आहे. त्याबरोबर दुसऱ्या एका प्रश्नाचंही, कारण तो जिवावर बेतणारा आहे.

आधी अळंबी येते कुठून ते पाहू. आपण जिला वाळवी म्हणून शिव्या घालतो, ती खरी हुशार शेतकरीण. वाळलेली पानं, काटक्या ती वारुळात ओढून नेते आणि आतमध्ये मधाच्या पोळ्यासारखी मऊ पोळी रचते. त्या पोळ्यावर ती बुरशी वाढवते. लाकडाचा जो भाग वाळवीला एकटीला पचत नाही, तो ही बुरशी पचवते, आणि मग तीच वाळवीचं अन्न होते. माणूस शेती शिकला त्याच्या कोट्यवधी वर्षं आधीपासून हा संसार चालू आहे! पावसाळ्यात हीच बुरशी माती फोडून वर छत्री काढते. तीच आपली वारुळावरची अळंबी. रॉजे एम नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९४२ साली या कुळाला टर्मिटोमायसिस असं नाव दिलं. त्याचा अर्थच वाळवीची बुरशी.

म्हणूनच ही अळंबी अजून कुणाला शेतात पिकवता आलेली नाही. वाळवीशिवाय ती छत्री धरत नाही. ती वर्षातून थोडेच दिवस येते, उगवल्यावर एक-दोन दिवसांत उमलून किडते, आणि तिचं वारूळ कुठे आहे हे त्या बाईला ठाऊक असतं, तुम्हाआम्हाला नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची ती ओळख पाटीत बसून विकायला येते. तेव्हा भाव करताना एवढं लक्षात असू द्या. चांगली जाणती बाई वारूळ खणत नाही, हलक्या हातानं अळंबी उपटते. कुदळीनं वारूळ फोडलं तर पुढच्या वर्षीचं पीक गेलंच म्हणून समजा.

आता तो जिवावरचा प्रश्न. हल्ली आमच्याकडे शेतजमिनींवर बंगले झाले, बंगल्यांपुढे हिरवळ आली, आणि पावसात त्या हिरवळीवर मोठ्या पांढऱ्या छत्र्या उगवू लागल्या. गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या बंगल्यात पाहुणे आले होते. त्यांच्या सुनेनं हौसेनं टोपलीभर छत्र्या काढल्या, धुतल्या, कांदाही चिरून ठेवला. मी काही द्यायला म्हणून गेले होते. तेवढ्यात त्यांच्याकडे भांडी घासायला येणारी ठाकरीण आत आली. तिनं एक छत्री उलटी केली, वास घेतला आणि सगळी टोपली सरळ उकिरड्यावर ओतली. ‘‘बाय, ही नाय खायाची,’’ एवढंच म्हणाली. सूनबाई जरा रुसल्या. ‘‘अहो, लसूण घालून बघणार होते ना मी! काळा पडला नाही म्हणजे चांगली!’’

मैत्रिणींनो, हा लसणाचा, चांदीच्या नाण्याचा आणि तांदळाचा रंग बघायचा प्रकार अगदी खोटा आहे. विषारी छत्रीबरोबरही लसूण पांढराच राहू शकतो. किड्यांनी खाल्ली म्हणजे माणसाला चालते, हेही खरं नाही. शिजवल्यानं विष जातं म्हणावं, तर सर्वांत घातक विष उकळूनही जात नाही. हिरवळीवर येणारी एक पांढरी छत्री तर मोठी फसवी असते. ती जून झाली की तिच्या खालच्या पापुद्र्यांवर हिरवट झाक येते आणि खाणाऱ्याला ओकाऱ्या-जुलाबांनी हैराण करते. अमानिता कुळातल्या काही छत्र्या याहून भयंकर. त्यांचं विष सहा-बारा तासांनी, कधी त्याहूनही उशिरा कळतं. ओकाऱ्या-जुलाब होतात, मग एखादा दिवस बरं वाटतं, आणि तेवढ्यात आत यकृत निकामी होत जातं. एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानटी छत्र्या खाऊन १३ जण दगावले. त्यांत चहामळ्यांतली माणसं बरीच होती, लहान मूलही होतं.

मग ओळखायची कशी? खरं सांगू? लेख वाचून ओळखायची नाही. वारुळावरच्या अळंबीला मध्यभागी टोक असतं, तिचं लांब मूळ थेट वारुळात उतरतं, हे सगळं खरं. पण तेवढ्यावर विसंबून स्वतः रानात जाऊ नका. जाणत्या बाईकडूनच घ्या. घेतली की त्याच दिवशी शिजवा. घरात कुणाला त्रास झालाच, तर घरगुती उपाय करीत बसू नका. लगेच इस्पितळ गाठा आणि उरलेली अळंबी किंवा भाजी बरोबर न्या. मधे बरं वाटलं तरी घरी परतू नका.

तुम्ही म्हणाल, बाई, एवढं घाबरवलंत, आता अळंबी खायची तरी कशी? तर घरी पिकवा! वारुळावरची नव्हे, धिंगरी. शिंपल्याच्या आकाराची ही अळंबी लाकडावर, पेंढ्यावर वाढते. म्हैसूरच्या अन्न संशोधन संस्थेत १९६२ साली बानो आणि श्रीवास्तव यांनी ती भाताच्या पेंढ्यावर घेऊन दाखवली. आणि भाताची पावली आमच्याकडे काय कमी आहे? बटण अळंबीला थंडावा आणि खास कुजवलेलं खत लागतं, ते घरी जमण्यातलं नाही. धिंगरीला २० ते ३० अंश उष्णता आणि हवेत भरपूर ओलावा पुरतो. म्हणजे आपल्याकडे पावसाळा ते माघ हे दिवस उत्तम.

कृती लिहून घ्या. यंदाचा, न भिजलेला, पिवळाधमक पेंढा एक किलो घ्या. दोन-दोन इंचांचे तुकडे करून रात्रभर पाण्यात भिजत घाला. सकाळी निथळून, वाफाळत्या पाण्यात (८० अंशांच्या आसपास) तासभर बुडवून ठेवा. मग स्वच्छ चाळणीवर किंवा कापडावर पसरून गार होऊ द्या. मुठीत दाबल्यावर हाताला ओल लागावी, पण पाणी ठिबकू नये. एवढ्या पेंढ्याचं ओलं वजन सुमारे तीन किलो भरतं. त्याला ६० ग्रॅम बियाणं पुरे. गव्हाच्या दाण्यांवर वाढवलेलं हे बियाणं कृषी महाविद्यालयातून किंवा खात्रीच्या प्रयोगशाळेतून ताजं आणा.

हात साबणानं धुऊन प्लॅस्टिकच्या पिशवीत पेंढ्याचा चार बोटं थर, त्यावर कडेकडेनं बियाणं, असे थर भरा. तोंड बांधा आणि दाभणानं वीस-पंचवीस भोकं पाडा. पिशवी अंधाऱ्या, स्वच्छ कोपऱ्यात टांगा. पंधरा-वीस दिवसांत आत कापसासारखं पांढरं जाळं पसरतं. मग पिशवी कापून काढा, थोडा उजेड आणि खेळती हवा द्या, आणि दिवसातून दोन-तीन वेळा पाण्याचा बारीक फवारा मारा. चार-पाच दिवसांत कळे दिसतील आणि बघता बघता त्यांची फुलं होतील. कडा वर वळायच्या आत पिळून काढा. उशीर केला तर तिची भुकटी हवेत उडते आणि दमेकऱ्यांना बाधते. म्हणून खोलीत जाताना तोंडाला फडकं बांधावं. आठ-दहा दिवसांच्या अंतरानं तीन बहर येतात, आणि किलोभर पेंढ्यामागे अर्धा ते पाऊण किलो धिंगरी सहज मिळते. पिशवीवर हिरवी बुरशी दिसली, तर ती पिशवी लगेच घराबाहेर दूर टाका. पीक संपल्यावर उरलेला पेंढा कुंड्यांना खत म्हणून वापरा.

भाजी दोन्हींची एकाच पद्धतीनं करते मी. रानातलीचं मातकट मूळ कापून ती दोन-तीन पाण्यांतून धुवायची. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण, लसूण, हळद आणि घरचा मसाला घालून दाटसर रस्सा. सोबत तांदळाची भाकरी. आमच्या सासूबाई मात्र चातुर्मासात अळंबीला शिवायच्या नाहीत. ‘‘मटणासारखी लागते, म्हणजे मटणच ते!’’ असं त्यांचं शास्त्र. त्यावर माझ्याकडे कधीच उत्तर नव्हतं.

चवीच्या बाबतीत मात्र खोटं बोलणार नाही. धिंगरी ही धिंगरीच. वारुळावरच्या अळंबीचा तो गोडवा, तो पहिल्या पावसाचा वास तिला नाही. ती रोजच्या पोटाची भाजी. रानातली म्हणजे वर्षाचा सण. सण असतो तोवर त्याचे पैसे मोजावेत. पानात बांधलेला वाटा घेताना त्या बाईला विचारा, ‘‘कुठल्या रानातली ग?’’ ती जागा सांगणार नाही, नुसती हसेल. तिनं सांगूही नये. तुम्ही आपले सांगेल तेवढे पैसे द्या, आणि घरी येऊन पेंढा भिजत घाला.