पाण्याला हात लागू दे

महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या शताब्दीची तारीख २० मार्च २०२७. त्या निमित्ताने आमच्या वस्तीच्या तोंडाशी, रस्त्याच्या कडेला, काहीतरी कायमचे स्मारक व्हावे असे विहारातील पौर्णिमेच्या बैठकीत ठरले. तरुणांनी कारंजे सुचवले. मध्ये कमळ, रंगीत दिवे, सभोवती पाणी. मी कारकून, त्यात बी.कॉम.; म्हणून खर्चाचा अंदाज काढण्याचे काम माझ्याकडे आले.

घरी बसून यादी केली. पंप, पाइप, फरशी, मजुरी. रस्त्यावरची वस्तू म्हणजे मुले दंगा करणार, म्हणून शेवटी दोन कलमे घातली : 'लोखंडी कठडा, चार फूट उंच. सूचना फलक, पाण्यास हात लावू नये, १ नग.' माझी मुलगी ती यादी आजीला वाचून दाखवत होती. आई तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. म्हणाली, "मग तवाचा नि आताचा फरक काय रं?"

आईचे बालपण खेड्यात गेले. विहिरीपासून लांब हंडा ठेवून उभे राहायचे. कोणाला दया आली तर तो वरून पाणी ओतणार. अर्धे हंड्यात, अर्धे मातीत. हे तिने आम्हाला कितीदा सांगितले होते! आणि चळवळीत वीस वर्षे काढलेल्या तिच्याच मुलाने महाडच्या नावाने तोच फलक लिहिला. कोणा सनातन्याने नव्हे, मी लिहिला. त्या रात्री झोप लागली नाही.

महाडला काय झाले ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ साली झाला. महाड नगरपालिकेनेही १९२४ साली तळे खुले असल्याचा ठराव केला. पण तो राहिला कागदावर. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो बांधवांसह तळ्यात उतरले, ओंजळीने पाणी प्याले, तेव्हा त्या ठरावात जीव आला. पुढे आपल्या माणसांवर हल्ले झाले, तळे 'शुद्ध' करण्यात आले, नगरपालिकेने ठराव मागे घेतला. कोर्टाचा लढा १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयात आपल्या बाजूने संपला. म्हणजे हक्क पाणी बघण्यात नव्हता, हात लावण्यात होता. मग स्मारक नुसते बघायचे कसे?

असे स्मारक दुसरीकडे कोठे आहे काय, याचा शोध घेतला. अमेरिकेतील माँटगोमेरी शहरात, जेथे रोझा पार्क्स यांनी १९५५ साली बसमधील जागा सोडण्यास नकार दिला, तेथे नागरी हक्कांच्या लढ्याचे स्मारक १९८९ साली झाले. माया लिन या वास्तुशिल्पी बाईंनी ते रचले. काळ्या ग्रॅनाइटचे गोल मेज. त्यावर १९५४ ते १९६८ या काळात प्राण गमावलेल्यांची नावे. मध्यातून पाणी वर येते आणि सगळ्या मेजावर पातळ पसरते. लोक नावावर बोट ठेवतात; पाणी बोटाभोवती दुभंगते, बोट उचलले की पुन्हा एक होते. वाचून अंगावर काटा आला. आमच्यासारख्याच माणसांचे हे दुःख आणि हेच पाणी!

मग मी नवी यादी केली. गोल दगड, सहा फूट व्यासाचा, जमिनीपासून दोनच फूट उंच, म्हणजे लहान मूलही पोचेल आणि चाकाच्या खुर्चीवरचा माणूसही. आपला जांभा घराला उत्तम, पण सच्छिद्र, पाणी पिऊन टाकतो. म्हणून खालचा चौथरा जांभ्याचा, वरचा दगड काळा. तो अगदी पाणसळीत बसला पाहिजे, नाहीतर सगळे पाणी एकाच बाजूला पळेल. खाऱ्या हवेत लोखंड गंजते, तेव्हा पाइप प्लास्टिकचे. दगडावर दोन मिलिमीटर पाणी राहील असे धरले तर एका वेळी सुमारे पाच लिटर, पुरा हंडाही नाही. तेच पाणी खालच्या टाकीतून पुन्हा वर येईल, त्यामुळे मे महिन्याच्या टंचाईतही कोणाचे तोंडचे पाणी पळणार नाही. पावसाळ्यात पंप बंद, ते काम पाऊस करील.

फिरते पाणी पिण्याचे नव्हे, म्हणून शेजारी पिण्याच्या पाण्याचा नळ, जातीपातीची चौकशी न करता सर्वांना. डास होऊ नयेत म्हणून आठवड्याला टाकी धुण्याची पाळी घराघराने. जागा नगरपरिषदेची, तेव्हा परवानगीचा अर्ज आधी.

पुढच्या बैठकीत एकजण म्हणाला, "पण साहेब, पोरं पाणी उडवतील." मी आईचे वाक्य सांगितले. सगळे गप्प झाले. मग मागून एक उपासिका म्हणाल्या, "उडवू देत की!"

कठडा आणि फलक ही दोन्ही कलमे मी लाल शाईने खोडली आहेत. बांधवांनो, आपापल्या गावी स्मारके उभारताना आपणही यादी एकदा घरातल्या म्हाताऱ्या माणसाला वाचून दाखवा. आमच्या दगडावर पाणी ज्या दिवशी येईल, त्या दिवशी पहिला हात माझ्या आईचा.

जयभीम!