नारळाची कुस्ती

दिवाळीच्या सुटीत नातू औंढ्याला आला, की घरावर त्याचे राज्य सुरू होते. परवा दुपारी तो माजघरात मोबाइल घेऊन पालथा पडला होता आणि आतून हाणामारीचे आवाज येत होते. चार शब्द सुनवावेत म्हणून मी शेजारी बसलो. आणि खरे सांगायचे तर सहाही भाग संपेपर्यंत उठलो नाही!

मालिकेचे नाव ‘टेकन: ब्लडलाइन’. टेकन म्हणजे जपानीत लोखंडी मूठ. १९९४ साली निघालेल्या त्या नावाच्या व्हिडिओ गेमवरून ही चित्रमालिका २०२२ साली आली. जिन नावाचा पोरगा. आईने त्याला शिकवलेली विद्या स्वतःला सांभाळण्याची. एका दैत्यापायी आईला अंतरल्यावर तो सुडासाठी आजोबांकडे जातो. हे आजोबा म्हणजे हेइहाची! मध्ये टक्कल, दोन्ही बाजूंना शिंगांसारखे केस. पोटच्या मुलाला कड्यावरून फेकून दिलेला माणूस. तो नातवाला घडवतो, दया विसरायला लावतो. शेवटी नातू दैत्याला लोळवतो, तेव्हा त्याच्या रक्तात सैतानाचा अंश आहे म्हणून हाच आजोबा त्याच्यावर गोळी झाडतो.

“आबा, तो तर जिंकला होता ना? मग आजोबांनी असं का केलं?”

“गोष्ट आहे रे ती,” मी म्हणालो. पण उत्तर मलाच पटले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नागनाथाला गेलो. देवळाच्या भिंतींवरची शिल्पे पाहत स्वारी जिनसारखा पवित्रा घेऊन उभी राहिली. नंदी देवळाच्या मागे कसा, असे त्याने विचारले. मग नामदेवांसाठी देऊळ फिरले ती कथा सांगितली. गोरोबाकाकांनी थापटणे मारून संतांची डोकी पारखली आणि नामदेवांना कच्चे मडके ठरवले, तेही सांगितले. पुढे याच देवळात पिंडीवर पाय ठेवून निजलेले विसोबा खेचर त्यांना गुरू म्हणून भेटले.

“म्हणजे गोरोबांनीसुद्धा मारलंच!” नातू म्हणाला.

“मारलं, पण मडकं फोडलं नाही.”

हे बोललो आणि माझीच जीभ अडखळली. त्याचा बाप दहा वर्षांचा असताना जत्रेत नारळाची कुस्ती जिंकून आला होता. अंगभर माती, हातात नारळ. मी म्हणालो होतो, “पकड ढिली होती तुझी.” त्याने नारळ ओट्यावर ठेवला. पुन्हा तो आखाड्यात गेला नाही, आणि मीही कधी का म्हणून विचारले नाही. वाटले, पोराला आवड उरली नसेल. काही गोळ्यांचा आवाज होत नाही एवढेच.

गाभारा खाली आहे. अरुंद पायऱ्यांवरून उतरताना भल्याभल्यांना वाकावे लागते, मीही वाकलो.

संध्याकाळी मुलगा गाडीवरून उतरला. प्रसादाचा नारळ त्याच्या हातात देत मी म्हणालो, “ती कुस्ती चांगली झाली होती तुझी.”

“कोणती कुस्ती, बाबा?” तो हसून म्हणाला.

पण रात्री फराळाला बसेपर्यंत तो नारळ काही त्याने खाली ठेवला नाही.